सिसडीबीएला कोणताही पासवर्ड कसा चालतो? ओरॅकलची तयार अकाऊंटं, अधिकार आणि रोल

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. धरणगावच्या जिनिंगमध्ये लिनक्सवर ओरॅकल १९सी हा डेटाबेस आहे. शिरपूर आणि शहाद्याची खरेदी केंद्रं त्यालाच जोडलेली आहेत. आधीचे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) सोडून गेले आणि जाताना वहीत ‘सिस’ आणि ‘सिस्टीम’ या दोन अकाऊंटचे पासवर्ड लिहून गेले. तुम्ही सर्व्हरवरच बसून सिसडीबीए म्हणून लॉगिन केलंत, पासवर्ड भलताच पडला, तरी आत गेलात. त्यामुळे सर्व्हर कुणी फोडलाय का, अशी शंका आली. शिवाय काट्याचं सॉफ्टवेअर ज्या ‘जिनिंग’ नावाच्या अकाऊंटने जोडलं जातं, त्याला डीबीए रोल दिलेला सापडला. यूजरच्या यादीत बरीच अनोळखी नावंही दिसली. आता रोज कोणतं अकाऊंट वापरायचं आणि कोणती उडवायची, हे तुम्हाला हवं आहे.

सर्व्हर फोडलेला नाही. जे दिसलं ते ओरॅकलचं ठरलेलं वागणं आहे. खरी अडचण अशी आहे की सिस, सिस्टीम, सिसडीबीए आणि डीबीए ही चार नावं एका पंक्तीला बसवली जातात आणि ‘यातलं मोठं कोण’ असा प्रश्न विचारला जातो. ती एका जातीची नाहीतच. सिस आणि सिस्टीम ही अकाऊंटं आहेत, म्हणजे त्यांच्या नावावर टेबलं असतात. सिसडीबीए हा अधिकार आहे. तो कोणत्याही अकाऊंटला देता येतो आणि लॉगिन करतानाच ‘ॲज सिसडीबीए’ असं म्हणून वापरावा लागतो. डीबीए हा रोल आहे, म्हणजे डेटाबेसच्या आतल्या हक्कांचा गठ्ठा. हे तीन प्रकार वेगळे धरले की तुमचे सगळे प्रश्न एकेक करून सुटतात.

काही गोष्टी तुमच्या मांडणीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. सर्व्हर विंडोजवर असता तर ग्रुपची नावं बदलली असती. ओरॅकल ११जी किंवा त्याआधीचं असतं तर काही रोलमधले हक्क वेगळे निघाले असते. तुमच्याकडे प्लगेबल डेटाबेस (एका मूळ डेटाबेसच्या आत बसवलेला डेटाबेस) आहे की नाही, यावरही दोन-तीन पायऱ्या बदलतात. पुढचं सगळं १९सी आणि लिनक्स धरून लिहिलं आहे.

आता कोणताही पासवर्ड का चालला ते बघू. ओरॅकलच्या साध्या यूजरचे पासवर्ड डेटाबेसच्याच आत, डेटा डिक्शनरीत (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) साठवलेले असतात. पण डेटाबेस बंद असेल तर ती डिक्शनरी वाचणार कोण? आणि बंद डेटाबेस सुरू करायला तर आत जावंच लागतं. जिनिंगचं हजेरीपुस्तक कुलूपबंद ऑफिसात असेल, तर ऑफिस उघडायला आलेल्या माणसाची ओळख त्या पुस्तकातून पटवता येत नाही, गेटवरच पटवावी लागते. म्हणून सिसडीबीएची तपासणी डेटाबेसच्या बाहेर होते आणि तिचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ऑपरेटिंग सिस्टीमचा ग्रुप. तुम्ही लिनक्सवर ज्या यूजरने बसला आहात, तो ठरलेल्या ग्रुपमध्ये असेल (बहुतेक ठिकाणी त्याचं नाव ‘डीबीए’ असतं) तर ओरॅकल त्याच्यावर विश्वास ठेवतं आणि तुम्ही टाकलेलं नाव-पासवर्ड बघतही नाही. दुसरा मार्ग पासवर्ड फाइलचा. नेटवर्कवरून, लिसनरमार्फत (बाहेरची जोडणी घेणाऱ्या ओरॅकलच्या प्रोग्राममार्फत) कुणी सिसडीबीए म्हणून आलं, तर या फाइलमधला पासवर्ड जुळावा लागतो.

पडताळा दोन मिनिटांत घेता येतो. त्याच मशीनवर त्याच लिनक्स यूजरने लॉगिन करा, पण या वेळी नाव-पासवर्डानंतर ‘@’ लावून सर्व्हिसचं नाव द्या आणि पासवर्ड मुद्दाम चुकीचा टाका. आता ओआरए-०१०१७ ही एरर आली पाहिजे. ती आली तर दार नीट आहे.

धोका पासवर्डात नाही, त्या ग्रुपमध्ये कोण आहे यात आहे. ‘गेटएंट ग्रुप डीबीए’ चालवून सभासद बघा. एवढ्यावर थांबू नका, कारण ज्याचा प्राथमिक ग्रुपच डीबीए आहे तो यूजर या यादीत दिसत नाही. म्हणून मशीनवरच्या प्रत्येक माणसाच्या यूजरसाठी ‘आयडी’ कमांडही चालवा. ‘सुडो’ करून ओरॅकल यूजर होता येणाऱ्यांची नावंही त्याच कागदावर लिहा, कारण तेही त्याच दाराने आत येतात. ग्रुपच्या नावाबद्दल खात्री नसेल तर ओरॅकल होममध्ये (ओरॅकल इन्स्टॉल केलेल्या फोल्डरमध्ये) आरडीबीएमएसच्या आत लिब फोल्डर आहे. तिथल्या ‘कॉन्फिग.सी’ फाइलमध्ये इन्स्टॉल करताना निवडलेलं नाव सापडतं. सोडून गेलेल्या माणसाचा लिनक्स यूजर अजून चालू असेल तर तो आजच बंद करा. वहीतले पासवर्ड बदलण्याआधी हे काम करा.

काही जण हा मार्गच बंद करायला सांगतात. एसक्यूएलनेट.ओआरए फाइलमध्ये ऑथेंटिकेशन सर्व्हिसेसला ‘नन’ लिहिलं की तो बंद होतोही. मी तसं करत नाही. पासवर्ड फाइल खराब झाली किंवा सिसचा पासवर्ड हरवला, तर आत शिरायला हाच मार्ग उरतो. सर्व्हरवर लॉगिन करू शकणारी माणसं दोन-तीनच ठेवणं जास्त उपयोगाचं.

आता ‘सिस’. डेटा डिक्शनरीची मूळ टेबलं आणि व्ह्यू या अकाऊंटच्या मालकीचे असतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: कुणीही ‘ॲज सिसडीबीए’ म्हणून आत आला की तो सिसच होतो. तुम्ही ‘रात्रपाळी’ नावाच्या अकाऊंटला सिसडीबीए दिलात आणि त्याने तसं लॉगिन केलं, तर ‘शो यूजर’ला उत्तर सिस असं येतं. अशा वेळी खरा माणूस कोण ते शोधायचं असेल तर सेशनची माहिती देणाऱ्या यूजरएन्व्हमधली ऑथेंटिकेटेड_आयडेंटिटी बघायची. तिथे मूळ नाव मिळतं.

यातूनच एक मोठं नुकसान होतं आणि ते महिनोन्महिने दिसत नाही. सवयीने सिसडीबीए म्हणून आत गेलेला माणूस ‘क्रिएट टेबल’ चालवतो आणि टेबल सिसच्या नावावर तयार होतं. समजा, सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर सांगितलं म्हणून कापूस आवकेचं जादा टेबल असं तयार झालं. ते चालतं, आकडे भरले जातात. पण डेटा पंप या ओरॅकलच्या साधनाने पूर्ण डेटाबेसचा एक्सपोर्ट घेतला तरी सिसच्या मालकीच्या वस्तू त्यात येत नाहीत. म्हणजे रोजचा एक्सपोर्ट यशस्वी दिसतो आणि आवकेचं टेबल त्यात नसतं. ते टेबल जागाही सिस्टीम टेबलस्पेसमधली खातं (टेबलस्पेस म्हणजे डेटा साठवायचा कप्पा). तिथलं टेबल ड्रॉप झालं तर रीसायकल बिनमध्ये जात नाही. त्यावर ट्रिगर लिहायला गेलात तर ओआरए-०४०८९ येते. कॉलम काढायला गेलात तर ओआरए-१२९८८.

तुमच्याकडे असं काही झालंय का ते बघून घ्या. डीबीए_ऑब्जेक्ट्स या व्ह्यूमध्ये मालक सिस आणि ओरॅकल_मेंटेन्ड कॉलममध्ये ‘एन’ असलेल्या ओळी काढा. ओरॅकलच्या स्वतःच्या काही आतल्या वस्तूही त्यात डोकावतात, म्हणून तयार झाल्याची तारीख बघा. इन्स्टॉलनंतरच्या तारखांचं आणि तुमच्या धंद्यातल्या नावांचं काही सापडलं, तर ते आधी सॉफ्टवेअरच्या स्कीमात (त्याच्या अकाऊंटच्या नावावरच्या टेबलांमध्ये) नव्याने तयार करून डेटा उचला, मोजणी जुळवा, सॉफ्टवेअर नव्या टेबलावर चालतंय हे पक्कं करा. सिसमधलं टेबल सगळ्यात शेवटी काढा.

‘सिस्टीम’ अकाऊंट तुलनेने सौम्य आहे. त्याच्या नावावर ओरॅकलच्या काही साधनांना लागणारी टेबलं आणि व्ह्यू असतात आणि त्याला डीबीए रोल आधीपासून दिलेला असतो. सिसडीबीए मात्र नसतो. म्हणूनच साधं सिस्टीम म्हणून आत जाऊन ‘शटडाऊन’ दिलंत तर ओआरए-०१०३१ येते. वहीतला पासवर्ड चुकीचा आहे असं अनेकांना तेव्हा वाटतं. पासवर्ड बरोबर असतो, अधिकाराचा प्रकार वेगळा लागतो. उलट बाजूने, सिस म्हणून साधं लॉगिन करायला गेलात तर ओआरए-२८००९ सांगते की सिसने सिसडीबीए किंवा सिसऑपर म्हणूनच यायचं. सिस्टीमच्या स्कीमातही स्वतःची टेबलं ठेवू नयेत. पूर्ण एक्सपोर्टसाठी मात्र सिसडीबीए न वापरता सिस्टीम किंवा डेटापंप_ईएक्सपी_फुल_डेटाबेस हा रोल दिलेलं वेगळं अकाऊंट वापरावं. ओरॅकलच्या सपोर्टने सांगितल्याशिवाय एक्सपोर्ट सिसडीबीए म्हणून घेऊ नये, असं त्यांचंच कागदोपत्री म्हणणं आहे.

डीबीए रोल म्हणजे जवळजवळ सगळ्या सिस्टीम प्रिव्हिलेजचा (डेटाबेसभर चालणाऱ्या हक्कांचा) गठ्ठा, आणि तेही पुढे दुसऱ्याला वाटता येतील अशा अटीवर. ज्याच्याकडे तो आहे तो कुणाचंही टेबल वाचू, बदलू, पाडू शकतो, नवे यूजर करू शकतो, इतरांचे पासवर्ड बदलू शकतो. पण हे सगळं डेटाबेस उघडा असेपर्यंत. डेटाबेस चालू-बंद करणं या गठ्ठ्यात नाही.

मग चालू-बंद करायला सिसडीबीएच द्यायचा का? नाही, आणि तुमच्यासारख्या कारखान्याला हा भाग फार उपयोगाचा आहे. हंगामात रात्री वीज गेली, यूपीएस उतरला, सर्व्हर बसला आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आहे. रात्रपाळीच्या माणसाला डेटाबेस उठवता आला पाहिजे, पण शेतकऱ्यांची देणी बघता-बदलता येऊ नयेत. त्यासाठी ‘सिसऑपर’ आहे. त्याने मुख्यतः स्टार्टअप, शटडाऊन, माउंट, ओपन अशी कामं करता येतात. असा माणूस आत आल्यावर ‘पब्लिक’ म्हणून येतो, त्यामुळे तुमची टेबलं त्याला दिसत नाहीत. बॅकअपसाठी १२सीपासून ‘सिसबॅकअप’ हा वेगळा अधिकार आला. त्याच वेळी डेटा गार्डसाठी (डेटाबेसची राखीव प्रत चालू ठेवणाऱ्या सोयीसाठी) ‘सिसडीजी’ आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांसाठी ‘सिसकेएम’ आले. आरमॅन हे बॅकअपचं साधन चालवणाऱ्या माणसाला सिसबॅकअप पुरतो.

हे अधिकार दिले की नोंद पासवर्ड फाइलमध्ये होते, त्यासाठी रिमोट_लॉगिन_पासवर्डफाइल हा पॅरामीटर ‘एक्स्क्लुझिव्ह’ असावा लागतो. आज कुणाकुणाकडे काय आहे, ते व्ही$पीडब्ल्यूफाइल_यूजर्समध्ये दिसतं. तिथे सिसशिवाय दुसरं नाव सिसडीबीएच्या रकान्यात ‘ट्रू’ दाखवत असेल तर त्याचं कारण विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर ‘रिव्होक’ करा.

इथवरचं एकत्र सांगतो. सिस हे फक्त डिक्शनरीचं मालक आहे, सिस्टीम हे तयार मिळालेलं प्रशासकीय अकाऊंट आहे, सिसडीबीए आणि त्याची भावंडं डेटाबेसच्या दारावरचे अधिकार आहेत, आणि डीबीए रोल आतल्या हक्कांचा गठ्ठा आहे. रोजच्या कामाला सिस, सिस्टीम किंवा सिसडीबीए थेट वापरायचं नाही. प्रशासन करणाऱ्या प्रत्येक माणसाचं स्वतःच्या नावाचं अकाऊंट करा. तुमचं तुम्हाला, उद्या सोबतीला येणाऱ्याचं त्याला. त्या अकाऊंटला लागत असेल तर डीबीए रोल द्या. सिसचा पासवर्ड नवीन ठेवून बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत द्या. दोघांनी एकच ‘सिस्टीम’ वापरलं तर ऑडिटमध्ये दोघंही एकच माणूस दिसतात. रक्कम चुकीची बदलली गेली की मग कुणालाच काही सिद्ध करता येत नाही, आणि ज्याने काही केलं नाही त्याच्यावरही बोट येतं. स्वतःच्या नावाचं अकाऊंट हे तुमचंच संरक्षण आहे.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग, ‘जिनिंग’ अकाऊंटचा डीबीए रोल. तो काढायलाच हवा. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर त्या अकाऊंटचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये असतो. ती फाइल ज्याच्या हाती लागली त्याला आज पूर्ण डेटाबेस मिळतो. पण थेट ‘रिव्होक डीबीए’ चालवू नका. तीन ठिकाणी अडकाल.

पहिलं जागेचं. डीबीए रोल असेपर्यंत त्या अकाऊंटला टेबलस्पेसमध्ये अमर्याद जागा असते. रोल गेला की हा हक्कही जातो. मग जुना डेटा वाचता येतो, पण टेबलाला नवी जागा लागली की काटापट्टी सेव्ह होताना जागेची एरर येते, बहुधा ओआरए-०१५३६ किंवा ओआरए-०१९५०. म्हणून आधी त्याच्या टेबलस्पेसवर कोटा (जागा वापरायची मर्यादा) द्या, मग रोल काढा. इंडेक्स वेगळ्या टेबलस्पेसमध्ये असतील तर तिथेही कोटा द्यायला विसरू नका.

दुसरं प्रोसीजरचं. ओरॅकलमध्ये साध्या, म्हणजे डिफायनरच्या (मालकाच्या) हक्काने चालणाऱ्या प्रोसीजरच्या, डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्रामच्या, आत रोलने मिळालेले हक्क धरलेच जात नाहीत. रोलमधून दुसऱ्या स्कीमाचं टेबल एसक्यूएलप्लसमध्ये दिसतं आणि तीच क्वेरी प्रोसीजरमध्ये ओआरए-००९४२ देते, टेबल नाहीच म्हणून. या एररला वैतागून डीबीए रोल देणारे मी खूप पाहतो. त्याने प्रश्न सुटत नाही, कारण डीबीए हाही रोलच आहे. मग कुणीतरी ‘सिलेक्ट एनी टेबल’ थेट देतो आणि भगदाड वाढतं. बरोबर उपाय म्हणजे त्या एका टेबलावरचा हक्क थेट अकाऊंटला देणं. सेशनमध्ये ‘सेट रोल नन’ करून क्वेरी चालवून बघा. तेव्हा जे चालतं तेच प्रोसीजरमध्ये चालेल.

तिसरं वेळेचं. रोल काढला तरी आधीच जोडलेल्या सेशनमध्ये तो चालूच राहतो. सॉफ्टवेअरचा कनेक्शन पूल तासन्‌तास तीच कनेक्शनं धरून बसतो. त्यामुळे तुम्ही संध्याकाळी रोल काढता, सगळं सुरळीत दिसतं, समाधानाने घरी जाता, आणि सकाळी पूल नव्याने जोडला गेला की शहाद्याहून फोन येतो. रोल काढल्यावर लगेच सॉफ्टवेअरची सर्व्हिस बंद-चालू करा. मगच एक काटापट्टी, एक पावती, एक रिपोर्ट काढून तपासा.

काढण्याआधी, सॉफ्टवेअरला नेमके कोणते हक्क लागतात ते शोधा. स्वतःच्या स्कीमातली टेबलं वाचायला-लिहायला वेगळा हक्क लागतच नाही. बहुतेक वेळा ‘क्रिएट सेशन’, आणि सॉफ्टवेअर स्वतः तात्पुरती टेबलं बनवत असेल तर ‘क्रिएट टेबल’, इतकंच निघतं. ‘कनेक्ट’ आणि ‘रिसोर्स’ हे जुने तयार रोल देण्याची प्रथा आहे, पण त्यातलं सामान आवृत्तीनुसार बदललं आहे. १०जीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘कनेक्ट’मधले टेबल वगैरे बनवण्याचे हक्क काढून ते लॉगिनपुरतं उरलं. १२सीपासून ‘रिसोर्स’सोबत मिळणारी अमर्याद जागा बंद झाली. ‘क्रिएट व्ह्यू’ तर १९सीच्या ‘रिसोर्स’मध्येही नाही. जुन्या ब्लॉगवरची कमांड उतरवून अडकणारे इथेच अडकतात. म्हणून मी नावाने एकेक हक्क देतो.

यापुढची पायरी म्हणजे टेबलांचा मालक आणि जोडणारं अकाऊंट वेगळं करणं. मालक अकाऊंट ‘नो ऑथेंटिकेशन’ करून ठेवायचं, म्हणजे त्याने लॉगिनच होत नाही. सॉफ्टवेअर दुसऱ्या अकाऊंटने येतं आणि त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर हक्क असतात. पण क्वेरीत मालकाचं नाव लिहिलेलं नसेल तर सिनॉनिम (टेबलाला दिलेली पर्यायी नावं) करावे लागतात आणि सॉफ्टवेअरवाल्याची साथ लागते. हे हंगामात करू नका. पावसाळ्यात, जिनिंग बंद असताना करा.

अनोळखी अकाऊंटांबद्दल: उडवू नका. एमडीसिस, सीटीएक्ससिस, एक्सडीबी, आउटएलएन, ऑडसिस ही ओरॅकलच्या निरनिराळ्या भागांच्या मालकीची आहेत. त्यातलं एखादं ड्रॉप केलं तर तो भाग मोडतो आणि पुढच्या पॅचच्या वेळी त्रास निघतो. डीबीए_यूजर्समध्ये ओरॅकल_मेंटेन्ड ‘वाय’ असलेली नावं ड्रॉप करायची नाहीत. १९सीमध्ये यातल्या बहुतेकांना पासवर्डच नसतो आणि ऑथेंटिकेशनच्या रकान्यात ‘नन’ दिसतं. ती तशीच बंद असणं योग्य आहे. डीबीएसएनएमपी हे एंटरप्राइज मॅनेजरच्या देखरेखीसाठी आहे. ते साधन वापरत नसाल तर लॉक ठेवा. स्कॉट आणि एचआर ही शिकण्यासाठीची नमुना अकाऊंटं आहेत, चालू सर्व्हरवर ती असण्याचं कारण नाही. सोबत डीबीए_यूजर्स_विथ_डीईएफपीडब्ल्यूडी हा व्ह्यू बघा. ज्यांचा पासवर्ड अजून ओरॅकलने ठरवलेला जगजाहीर आहे, ती नावं त्यात येतात. जुन्या आवृत्तीतून चढत आलेल्या डेटाबेसमध्ये सिस्टीमचा पासवर्ड ‘मॅनेजर’ आणि स्कॉटचा ‘टायगर’ अजूनही सापडू शकतो. या यादीत उघडं अकाऊंट दिसलं तर त्याच दिवशी पासवर्ड बदला किंवा लॉक करा.

पासवर्डच्या मुदतीचंही एक सांगतो. ‘डीफॉल्ट’ प्रोफाइलमध्ये (प्रोफाइल म्हणजे अकाऊंटला लावलेल्या मर्यादांचा संच) पासवर्डचं आयुष्य १८० दिवस आहे, पुढे ७ दिवसांची सवलत, मग ओआरए-२८००१. म्हणजे दिवाळीला ‘जिनिंग’चा पासवर्ड ठेवलात तर आखाजीच्या सुमारास, सगळे गावी गेलेले असताना, सॉफ्टवेअर बंद पडतं. सॉफ्टवेअरच्या अकाऊंटसाठी वेगळं प्रोफाइल करा, मुदत ‘अनलिमिटेड’ ठेवा आणि पासवर्ड स्वतः ठरवलेल्या शांत दिवशी बदला. माणसांच्या अकाऊंटला मुदत राहू द्या. बदलताना आणखी एक खड्डा असतो. एका केंद्रावरच्या कॉम्प्युटरमध्ये जुना पासवर्ड राहून गेला, तर तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, १० चुका झाल्या की अकाऊंट एक दिवसासाठी लॉक होतं आणि ओआरए-२८००० तिन्ही ठिकाणी एकदम येते. १९.१२ किंवा त्यापुढचा पॅच असेल तर प्रोफाइलमध्ये पासवर्ड_रोलओव्हर_टाइम देता येतो. तेवढ्या काळात जुना आणि नवा दोन्ही पासवर्ड चालतात. तीन ठिकाणी पसरलेल्या कामाला ही सोय फार मोलाची आहे.

प्लगेबल डेटाबेस असेल तर तेही पाहून घ्या. ‘/ ॲज सिसडीबीए’ने गेलात की तुम्ही मुळाच्या कंटेनरमध्ये असता. ‘शो कॉन_नेम’ला सीडीबी$रूट असं उत्तर आलं तर तिथे ‘जिनिंग’ यूजर दिसणारच नाही. आधी ‘ऑल्टर सेशन सेट कंटेनर’ने आपल्या प्लगेबलमध्ये जा. मुळाच्या कंटेनरमध्ये साधा यूजर बनवायला गेलात तर ओआरए-६५०९६ येते, कारण तिथल्या यूजरच्या नावाला ‘सी##’ लागतं. नेटवर ‘_ओरॅकल_स्क्रिप्ट’ हा छुपा पॅरामीटर चालू करून ही एरर टाळायला सांगतात. ते अजिबात करू नका. तसं बनवलेलं अकाऊंट ओरॅकलचंच समजलं जातं आणि पूर्ण एक्सपोर्टमधून गळतं. रात्रपाळीच्या माणसाला सिसऑपर द्यायचा तर मुळाच्या कंटेनरमध्येच, ‘सी##’ने सुरू होणाऱ्या यूजरला, सगळ्या कंटेनरसाठी द्या. आणि तुमचा प्लगेबल उघडा असताना एकदा ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवा, नाहीतर वीज आल्यावर डेटाबेस उठतो पण प्लगेबल न उघडता माउंटवरच थांबतो, आणि त्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं.

दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी एवढंच: पोस्टग्रेसमध्ये ‘पोस्टग्रेस’ हा सुपरयूजर लिनक्सच्या त्याच नावाच्या यूजरमधून पासवर्डशिवाय आत जातो, कारण एचबीए फाइलमध्ये ‘पीअर’ लिहिलेलं असतं. उबुंटूवरच्या मायएसक्यूएलमध्ये ‘रूट’चंही सॉकेटमुळे तसंच होतं. एमएस एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसए’ने सॉफ्टवेअर जोडलेलं असेल तर तुमच्या डीबीए रोलसारखीच स्थिती समजा.

तुमच्याकडे मी या क्रमाने जाईन. आधी लिनक्सचे यूजर आणि ग्रुप. मग पासवर्ड फाइलमधली नावं. मग स्वतःच्या नावाचं अकाऊंट, आणि त्याने आत जाऊन सिसच्या नावावर आपली टेबलं नाहीत ना याची तपासणी. ‘जिनिंग’चा रोल रविवारी, कोटा देऊन झाल्यावर. सिस आणि सिस्टीमचे पासवर्ड बदलण्याआधी ओरॅकल आणि रूट या दोन्ही यूजरचा क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडून बघा. रात्रीच्या एक्सपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये सिस्टीमचा पासवर्ड उघड लिहिलेला असण्याची शक्यता दाट आहे. तसा असेल तर तो पासवर्ड बदलताच एक्सपोर्ट त्या रात्रीपासून गुपचूप बंद पडेल. शिवाय कमांडच्या ओळीत लिहिलेला पासवर्ड ‘पीएस’ कमांडमध्ये इतरांना दिसू शकतो. आधी एक्सपोर्टसाठी वेगळं अकाऊंट करा, त्याचा पासवर्ड ओरॅकलच्या वॉलेटमध्ये (पासवर्ड सुरक्षित ठेवायच्या फाइलमध्ये) ठेवा, एका रात्रीचा एक्सपोर्ट त्या अकाऊंटने पूर्ण झाल्याचं लॉगमध्ये वाचा, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टीमचा पासवर्ड बदला.